यशवंतकाकांचं पडल्याचं भाषण

निवडणुकीत पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या नागपुरात दर गल्लीत एखादा असतोच. पडलेला माणूस आठ दिवस घराबाहेर तोंड दाखवत नाही आणि पुढची आठ वर्षं मोजणीत कसा घोटाळा झाला ते सांगत फिरतो. पण पडणं ही कला मानून तिचा रियाज करणारा, त्या गायकीत स्वतःचं घराणं काढण्याच्या लायकीचा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. यशवंत कोपरकर. नाव यशवंत, आणि विलायतेत नगर कौन्सिलच्या निवडणुकीला पाच वेळा उभे राहून पाचही वेळा पडलेले. पाचव्या खेपेला असे पडले की, त्यांच्याच शब्दांत, "आवाज पलीकडच्या काउंटीत गेला आणि तिथल्या मेंढ्यांनी चरणं थांबवलं."

मेंढ्यांचं खरंखोटं मला माहीत नाही. मी सांगतो ते अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलचं आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. फार तर चार-दोन शब्द मी इस्त्री करून घेतले असतील.

२००२ साली मी मॉरिसव्हिलला नवं टाउनहाउस घेतलं. एकाला एक चिकटलेली शंभरेक घरं, मधे हातभर हिरवळ, एक पोहण्याचा तलाव, आणि या सगळ्यावर देखरेख करणारं मालकांचं मंडळ. तिथे त्याला एचओए म्हणतात, आम्ही सोसायटीच म्हणायचो. निम्मी घरं आपल्या लोकांची. पुणे, मुंबई, हैदराबाद, चेन्नई. सगळे जवळच्या टेक्नॉलॉजी पार्कातल्या कंपन्यांत सॉफ्टवेअर करणारे. राहायला जाऊन आठवडा झाला असेल, तर शनिवारी सकाळी बेल वाजली. अमेरिकेत फोन न करता बेल वाजवणारे दोनच: पार्सलवाला आणि देवाचा निरोप आणणारा. मी दार उघडलं. जुलैच्या भट्टीत लोकरीचा कोट घातलेले एक गृहस्थ. हातात पॅड, कानावर पेन्सिल, भुवया अशा की त्यांत चिमणीने घरटं केलं तरी तिला वर छप्पर लागलं नसतं.

"नमस्कार. मी अठ्ठावीस नंबरच्या संध्याचा बाप. तुमच्याकडे ओल आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"तुम्हाला कसं माहीत?" असं म्हणत ते आत आलेसुद्धा. हॉलच्या भिंतीपाशी गेले, बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि एखाद्या डॉक्टराने आप्तांना बाजूला घ्यावं तसं मला बाजूला घेतलं. "पोकळ आहे."

"काका, इथल्या सगळ्या भिंती अशाच असतात."

"अरे, पुढे पुठ्ठा, मागे हवा. हे घर आहे की फ्रिजचा खोका?" मग ते स्वयंपाकघरात गेले, ओट्याखालचं कपाट उघडून दोनदा हुंगलं आणि म्हणाले, "थेंब. डाव्या नळीला. आठ दिवसांत फळी फुगेल." आठव्या दिवशी फळी फुगली. त्या नाकाबद्दल मी एवढंच म्हणेन की काही घरांतली ओल त्यांना घर बांधायच्या आधीच कळायची.

या नाकामागे तीस वर्षांची नोकरी होती. काका साठच्या दशकात इंग्लंडला गेले आणि गिरण्यांच्या एका काळवंडलेल्या गावात कौन्सिलच्या घरवाटप खात्यात चिकटले. (सरकारी नोकराला स्वतःच्या कौन्सिलला उभं राहता येत नाही, म्हणून नोकरी शेजारच्या गावात आणि पडणं राहत्या गावात, अशी त्यांनी सोय केली होती.) ज्यांना घर नाही त्यांची नावं यादीवर चढवायची, आणि कौन्सिलचं घर रिकामं झालं की यादीतल्या पहिल्याला किल्ली द्यायची. त्यांच्या टेबलामागे एक मोठा बोर्ड होता, त्यावर ओळीने खिळे आणि खिळ्यांवर किल्ल्या.

"किल्ली हातात पडली की माणूस कसा दिसतो ते तू पाहिलेलं नाहीस," ते म्हणायचे. "कुणी रडतं, कुणी हसतं. एका बाईने तर किल्लीचा मुका घेतला आणि मग माझा. घरी तुझ्या काकूला मी फक्त किल्लीचं सांगितलं."

पक्षाचं नाव काका कधी घ्यायचे नाहीत. तिकडे उमेदवार कोटाला रिबिनीचं फूल लावतात, त्या फुलाच्या रंगानेच ते पक्ष ओळखायचे. लाल म्हणजे कामगारांचा, निळा म्हणजे मालकांचा, "आणि पिवळा म्हणजे ज्यांना दोघांकडेही जेवायला बोलावत नाहीत त्यांचा." काका लाल. पण आंधळे लाल नव्हेत. "निळे आले आणि त्यांनी कौन्सिलची घरं भाडेकऱ्यांना विकून टाकली. घेणारे खूश. मीही टाळ्या वाजवल्या. पण विकलेल्याच्या जागी नवं बांधायचं कुणी? बोर्डावरच्या किल्ल्या कमी होत गेल्या. एक दिवस मान वर केली तर नुसते खिळे. खाली रांग तेवढीच. मग लाल आले. म्हटलं, आता बांधतील. बांधली ना! समिती बांधली."

रिकामे खिळे बघवेनात, म्हणून काका निवडणुकीला उभे राहिले होते. छप्पर आधी, झेंडा मग, हे त्यांचं पालुपद. आमच्याकडे कुणी काश्मीर काढो की क्रिकेट, काका शेवटी छपरावर यायचे.

काकू गेल्या आणि काकांचे गुडघेही गेले, तेव्हा संध्याने त्यांचं ग्रीन कार्ड करून त्यांना अमेरिकेत आणलं. येताना त्यांनी स्वतःचा कौन्सिलचा फ्लॅट सोडला. तो प्रसंग ते क्वचित सांगायचे आणि सांगताना भुवया खाली यायच्या. "तीस वर्षं किल्ल्या दिल्या. शेवटी एक परत केली, स्वतःची. काउंटरवरच्या पोरीने मान वर न करता खिळ्याला लावली. मी बाहेर येईपर्यंत ती पुढच्याच्या हातात होती. आता परत गेलो तर यादीत शेवटचा नंबर. ती यादी मला ठाऊक आहे, बाबा. ती माणसापेक्षा जास्त जगते."

म्हणजे परतीचं दार बंद, आणि इकडे मुक्काम जावयाच्या घरी. जावई अविनाश हा सोन्यासारखा माणूस, पण कोकणातल्या माणसाला लेकीच्या घरचं पाणीही जपून प्यायची शिकवण. काकांनी त्यावर तोडगा काढला होता: रोज घरातली एक तरी गोष्ट दुरुस्त करायची. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही की आदल्या दिवशीचंच पुन्हा उघडायचं.

आता बॉबची ओळख करून देतो. बॉब म्हणजे आमच्या सोसायटीचा अध्यक्ष. निवृत्त, एकटा, खिशात मोजपट्टी घेऊन फिरणारा. तुमच्या दारातलं गवत चार इंचांच्या वर गेलं की बॉबचं पत्र आलंच. आमचं म्हणणं असं होतं की बॉबच्या भीतीने आमच्याकडचं गवत खालच्या दिशेने वाढतं.

२००४ची अध्यक्षीय निवडणूक झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी काका टीव्हीसमोर बसले. पडद्यावर नकाशा. मधला अख्खा देश लाल, आपलं नॉर्थ कॅरोलायनाही लालभडक. काका उठून नाचायचेच बाकी राहिले. पाच वेळा पडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा सगळीकडे लाल दिसत होतं! ते तडक बाहेर पडले. समोर बॉब, आणि बॉबच्या टपालपेटीला भलीमोठी लाल रिबीन. काकांनी त्याला कडकडून मिठी मारली.

"भावा! शेवटी जिंकलो!"

"जिंकलो ना!" बॉब म्हणाला. त्याच्याशी त्या गल्लीत आपणहून कुणी बोलायचं नाही, मिठी तर दूरच. त्याने काकांना पायरीवर बसवून घेतलं. दोन तास दोघं बोलत होते. रस्ते वाईट झालेत, हो. पुढारी सामान्य माणसाला विसरलेत, अगदी. पोरांना घर घेणं परवडत नाही, बरोब्बर. आजकाल कुणी भिंत धड बांधत नाही. यावर तर दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

संध्या ऑफिसला निघाली तेव्हा तिने खुलासा केला. ती वाढली इंग्लंडात, मराठी बोलते ती इंग्रजी चालीवर. "बाबा, इकडे कलर्स उलटे आहेत. लाल म्हणजे तुमचे निळे."

तेच तिने बॉबला इंग्रजीत सांगितलं, तेव्हा काका आणि बॉब यांनी एकमेकांकडे पाहिलं. चोर सापडावा तसं. पण दोन तासांत झालेली मैत्री पाच मिनिटांत मोडायची कशी? तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी गल्लीला फेरी मारायचे. बॉब गवत मोजायचा, काका भिंती वाजवायचे, आणि राजकारणाचा विषय निघाला की दोघंही पुठ्ठ्याच्या भिंतींना शिव्या घालायचे.

काकांकडे एक वही होती. तिकडे उमेदवार दारोदार जाऊन कोण मत देणार त्याची नोंद करतो, तशी. एकदा ते आमच्याकडे बसले होते आणि बायकोने पोह्यांची बशी पुढे केली, तर काका खिन्न झाले.

"पोहे दिलेस म्हणजे तुम्ही लोक मत देणार नाही."

"कसलं मत, काका?"

"कसलंही." मग त्यांनी वही उघडून खुणा दाखवल्या. प्रत्येक घरापुढे एक खूण. 'च' म्हणजे चहा दिला. 'चपो' म्हणजे चहा-पोहे. 'भां' म्हणजे भांडला. "पहिल्या निवडणुकीला मी आपल्या लोकांच्या सगळ्या घरी गेलो. गुजराती, पंजाबी, आपले दोन-चार. सगळे म्हणाले, हो हो, तुम्हालाच मत, आधी चहा घ्या. वही 'च'ने भरली. मी विजयाचं भाषण लिहून खिशात घातलं. मोजणीला निम्मेसुद्धा नाहीत! पुढेही तेच. आपला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही रे. चहा देतो. चहा म्हणजे नाही. चहा-पोहे म्हणजे त्या दिवशी तो गावातच नसतो."

"आणि 'भां'?"

काकांच्या चेहऱ्यावर आदर उमटला. "चौदा नंबरची एक म्हातारी होती. दर निवडणुकीला माझ्या अंगावर बादली ओतायची. पण मतदानाच्या दिवशी धो धो पावसात पहिली रांगेत कोण? तीच. मला पाडायला. जो भांडतो ना, तो येतो."

"मग पडल्यावर भाषण कसं करायचात?"

"तिकडे निकालाला सगळ्या उमेदवारांना स्टेजवर उभं करतात. पडलेल्यानेही बोलायचं असतं, हसून. पाचही वेळा मी लिहून नेलं ते विजयाचं. पडल्याचं ऐनवेळी, तोंडाला येईल तसं केलं." मग म्हणाले, "लोक म्हणायचे, पडल्याचं फार छान करतोस. पुन्हा उभा राहा."

ही वही नुसती आठवण म्हणून राहिली असती, पण २००६च्या वसंतात सोसायटीचं पत्र आलं.

आमच्याकडे एप्रिलमध्ये पानं फुटतात आणि आईवडील येतात. व्हिसा सहा महिन्यांचा. गल्लीभर नऊवारी, पाचवारी, स्पोर्ट्स शूज आणि मे महिन्यात माकडटोप्या. सकाळी सहाला ही फौज रस्त्याच्या मधोमध चालायला निघे, कारण फुटपाथवर चालणं हे अपघात झाल्यावर करायचं, असा आपला समज. त्या वर्षी गाड्यांना जागा पुरेना, कुणाच्या तरी बाल्कनीतून हिरवंगार लुगडं खालच्या मजल्यापर्यंत आलं, आणि मंडळाने ठराव काढला. मालक, मालकाचा नवरा किंवा बायको, आणि लहान मुलं. बाकी सगळे पाहुणे. पाहुण्याने तीस दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. वार्षिक सभेत जे हजर असतील त्यांच्या बहुमताने निर्णय.

पत्र बॉबच्या सहीचं होतं. बॉबला त्यात काकांचं नाव दिसलंच नसावं. मोजपट्टीला माणसं दिसत नाहीत.

त्या संध्याकाळी संध्या आमच्याकडे आली. "आम्ही घर विकतो. कुठेतरी लांब घेऊ, जिथे सोसायटी नाही. अविनाश पण तयार आहे. बाबांना सांगू नकोस हं, प्लीज."

बाबांना कधीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत डोकावलो तेव्हा पलंगाखालची बॅग दाराशी आली होती.

"पोरीने माझ्यापायी घर सोडायचं?" काका म्हणाले. "तीस वर्षं मी लोकांना घरात घातलं. आता पोटच्या पोरीला बाहेर काढू? ठराव पास झाला तर त्याच संध्याकाळी मी निघणार."

"कुठे?"

"यादीत," ते म्हणाले.

अडचण अशी की काका मालक नव्हते. त्यांना मतच नव्हतं, उभं राहायचं तर लांबच. आणि ज्यांना मत होतं ते आपले लोक सभेला कधी जायचे नाहीत. सभेची नोटीस पिझ्झाच्या कुपनांबरोबर कचऱ्यात जायची. आदल्या वर्षीच्या सभेला सात जण होते: पाच मंडळाचे, एक फुकटच्या कुकीजसाठी आलेला, आणि सातवा मी, तोही पोहण्याचा तलाव शोधताना दार चुकलो म्हणून.

काकांनी कोट चढवला, पेन्सिल कानावर ठेवली आणि दारं वाजवायला सुरुवात केली. एक आठवडा. प्रत्येक घरी समजावून सांगायचे: ठराव काय, सभा कधी, या, नको म्हणा. आठवड्याने ते माझ्या पायरीवर येऊन बसले ते मला म्हाताऱ्या मेंढीसारखे दिसले. वही उघडली. च, च, चपो, च, चपो. एका ठिकाणी 'च' आणि ढोकळा.

"सगळे म्हणतात, काळजीच करू नका काका, नक्की येतो. मेलो आपण."

"एकही 'भां' नाही?"

"एकच. पुण्याचे सहस्रबुद्धे. मी दुपारी दोनला बेल वाजवली, त्यावरून अर्धा तास भांडले." बोलता बोलता काकांची नजर त्या एकुलत्या 'भां'वर अडकली. पेन्सिल कानावरून काढून तोंडात घातली. नंतर वही मिटून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी पक्ष बदलला.

त्या उन्हाळ्यात माझी आई आलेली होती. काका दारात उभे राहिले, आत यायलाही तयार नाहीत. "ताई, मी विचार केला. ठराव बरोबर आहे. म्हाताऱ्यांनी पोरांच्या संसारात सहा-सहा महिने बसू नये. महिनाभर पुरे. नातू पाहायचा, परतीचं तिकीट काढायचं."

आईच्या हातात लाटणं होतं. ते तिने खाली ठेवलं नाही. "काय म्हणून राहिले तुम्ही, भाऊ? पाहुणी? म्या याले नऊ महिने पोटात ठेवलं तवा मंडळाले इचारलं होतं काय?"

"तीस दिवस म्हणजे कमी नाहीत, ताई."

"तीस दिवसात तर माझं लोणचं मुरत नाही!"

"मग विकतचं खा," असं म्हणून काका वळले आणि चालायला लागले. जाता जाता वहीत काहीतरी लिहिलं. आईने मला हाक मारली ती पार तलावापर्यंत ऐकू गेली. "मीटिंगले जायचं. बायकोलेबी ने. अन् त्या म्हाताऱ्याले पाडून यायचं!"

तोच प्रकार दारोदार. सहस्रबुद्ध्यांना काका म्हणाले, तुमचे वडील इथे सगळ्यांच्या चुका काढतात, परत पाठवा. सहस्रबुद्ध्यांनी चार पानी उत्तर लिहून गल्लीभर ईमेल केलं, त्याला तीन पानी पुरवणी वडिलांनी जोडली. हैदराबादच्या रावला काका म्हणाले, सासूबाईंना कशाला एवढं ठेवता? राव मनातून काकांना हार घालणार होता, पण हे बोलणं बायकोने ऐकलं, तेव्हा सभेला जायचं आणि नको म्हणायचं हे तिनेच ठरवलं. काकांच्या नावाने गल्लीत बोंब झाली. म्हातारा फितूर झाला. बॉबने त्याला काय चारलं? स्वतः लेकीकडे राहतो आणि आम्हाला शहाणपण शिकवतो! संध्याने तर दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. मीही, खरं सांगतो, सकाळी त्यांना पाहून फुटपाथ बदलला. आणि काका ताठ मानेने, बादलीतून न्हाऊन आल्यासारखे प्रसन्न, दारं वाजवत फिरत होते.

सभेच्या दिवशी शनिवारी सकाळी क्लबहाउसला चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. दहा मिनिटांत त्या भरल्या. मग लोक कडेने उभे राहिले, मग जिन्यात, मग तलावाच्या काठावर. कुणीतरी म्हणालं की दोघं तलावात होते. मी पाहिले नाहीत, पण नव्हते असंही मी म्हणणार नाही. कुकीज संपल्या. बॉबचा चेहरा फुलला होता. लोकशाहीत एवढा रस! बिचाऱ्याला वाटलं, सगळे ठरावाच्या बाजूने आलेत.

चर्चा सुरू झाली आणि काकांनी बोलायला परवानगी मागितली. मत नव्हतं, पण पाहुण्याला बोलायला हरकत नव्हती. तीन मिनिटं ते ठरावाच्या बाजूने बोलले. असं भाषण मी पुन्हा ऐकलं नाही. त्यात आया होत्या, लोणची होती, सासवा होत्या, आणि प्रत्येक वाक्यानिशी सभागृहातली दहा-दहा माणसं दात खात होती. बाल्कनीतल्या लुगड्याचा उल्लेख आला तेव्हा मागून कुणीतरी तेलुगूत असं काही बोललं की ते कुठल्याही भाषेत समजलं असतं.

मग चिठ्ठ्या. सभेतल्या दोघींनी मोजल्या, परत मोजल्या. ठरावाच्या बाजूने मंडळाचे पाच आणि कुकीवाला. बाकी अख्खी गल्ली विरुद्ध. टाळ्यांनी पुठ्ठ्याच्या भिंती थरथरल्या. सहस्रबुद्धे बापलेक एकमेकांना मिठी मारत होते. वीस वर्षांत प्रथमच, असं बायकांत बोललं गेलं.

गोंगाटात काका उभे राहिले आणि त्यांनी आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. मी मागेच बसलो होतो. कागद टाइप केलेला होता.

"सभापती महाशय, मतमोजणी करणाऱ्या भगिनी, आणि ज्यांनी शांतता राखली ते पोलीस," काका वाचू लागले. तिथे पोलीस नव्हता, पण पद्धत म्हणजे पद्धत. "मी विजयी पक्षाचं मनापासून अभिनंदन करतो. जनतेने स्पष्ट कौल दिला आहे आणि तो मला मान्य आहे. माझा पराभव करण्यासाठी आपण एवढ्या मोठ्या संख्येने आलात, हा मी माझा सन्मान समजतो. पुढल्या वर्षीही या."

पाच वेळा विजयाचं भाषण लिहून नेणारा माणूस. या वेळी खिशात पडल्याचं, आणि तेही आधीच टाइप केलेलं! माझ्या डोक्यात प्रकाश पडायला तेवढा वेळ लागला. संध्याच्या माझ्या आधी पडला. ती खुर्च्या ढकलत पुढे गेली आणि हसत-रडत त्यांच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या. "बाबा! यू ओल्ड फ्रॉड!"

"अगं, मला मत नव्हतं," काका म्हणाले. "म्हणून दुसऱ्यांचा राग वापरला. ते बघ, सगळे 'भां'." वहीचं पान त्यांनी तिला दाखवलं. वरपासून खालपर्यंत 'भां', 'भां', 'भां'. आईच्या नावापुढे दोन.

बॉबशी मात्र त्यांनी लपवाछपवी केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून त्याच्या दारी गेले आणि सगळं सांगितलं. बॉबने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. पंधरा दिवस संध्याकाळची फेरी बंद. काका एकटेच भिंती वाजवत फिरायचे. सोळाव्या दिवशी बॉब त्यांच्या दारात उभा. हातात मोजपट्टी.

"यश, माझी आई केंटकीत असते. वृद्धांच्या घरात. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे," तो म्हणाला. "खालची खोली तिला पुरेल का, बघायला येतोस?"

काकांनी त्या खोलीची भिंत अन् भिंत वाजवली, खिडकीखाली हुंगलं आणि दोन ठिकाणी पुन्हा रंग लावायला लावला. म्हातारी पंधरा दिवसांसाठी म्हणून आली. मी मॉरिसव्हिल सोडलं तेव्हा ती तिथेच होती, आणि माझ्या आईने पाठवलेल्या लोणच्याची बरणी तिने एकटीने संपवली होती.

मी सोडलं ते २००८च्या शरदात. क्युपर्टिनोला नोकरी मिळाली होती. दिवस बरे नव्हते. घराघरापुढे विक्रीच्या पाट्या, दोन घरं बँकेने घेतलेली. काका आणि बॉब यांनी नोकरी गेलेल्यांची यादी केली होती आणि कुणाच्या घरात कुणाला महिना-दोन महिने राहू देता येईल ते जुळवत होते. तीस दिवसांचा नियम नव्हता म्हणून जमत होतं. काकांच्या खोलीत एक फळी आली होती, फळीला खिळे, आणि तीन खिळ्यांवर शेजाऱ्यांच्या जादा किल्ल्या.

सामानाचा ट्रक पुढे गेला होता. मी गाडी हळू चालवत गल्लीतून बाहेर निघालो होतो, तर एकतीस नंबरच्या दारात काका. मंडळाच्या निवडणुकीला संध्या उभी होती आणि काका तिचे एजंट. त्या घरात नुकतंच एक कानपुरी जोडपं आलं होतं. नवरा दारात उभा राहून हातवारे करत होता, न सांगता बेल वाजवतात म्हणजे काय, वगैरे. काका शांतपणे ऐकत होते. मग दार धाडकन लागलं. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, वहीत लिहिलं आणि मला पाहून वही डोक्यावर धरून हलवली.

"चहा नाही!" ते आनंदाने ओरडले. "पाणीसुद्धा विचारलं नाही! पक्कं मत!"

मी काच खाली करून हात केला. तोवर ते पुढच्या दाराकडे वळले होते. सवयीने त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावला. सहा वर्षांत त्यांनी तिथली एकही भिंत पास केली नव्हती. मी 'पोकळ' ऐकायच्या तयारीत होतो.

काकांनी पुन्हा एकदा वाजवून पाहिलं आणि मान डोलावली. "चालेल," ते म्हणाले, आणि बेल दाबली.